झिपरूची गाडी गप्प झाली

टोकावड्याला माझं गॅरेज आहे. रस्त्याला लागून पत्र्याची शेड, पुढे जांभळाचं झाड आणि झाडाखाली कायम एखादी मेलेली गाडी. या धंद्यात तीस वर्षं काढल्यावर एक गोष्ट पक्की कळली आहे. गिऱ्हाईक जेव्हा म्हणतं, काय नाय, फक्त आवाज येतो, तेव्हा इंजिन अर्धं गेलेलं असतं. माझा स्वभाव तापट आहे, हे मी आधीच सांगून टाकतो, कारण झिपरूला विचारलंत तर तो पहिलं तेच सांगेल. पण हे "फक्त आवाज येतो" त्याच्या तोंडून मी सात वर्षं ऐकलं आहे. माझ्या जागी कोणीही तापला असता.

झिपरू मेंगाळ आतल्या ठाकरवाडीचा. उंचीला बेताचा, अंगाने काटक, बोलायला अगदी कंजूष. गाडी मात्र अशी चालवतो की बघत राहावं. बैलगाडी उलटी फिरवता येणार नाही अशा बोळातून हा पिकअप मागे घेत आणतो, तेही एका हाताने, दुसऱ्या हातात बिडी. आधी तो एका भाजीच्या व्यापाऱ्याकडे ड्रायव्हर होता. व्यापाऱ्याने नवी गाडी घेतली आणि जुनी झिपरूच्या गळ्यात घातली. झिपरूला ती आजवर कधी जुनी वाटलेली नाही.

पहाटे वाडीतून निघायचं, वाटेवरच्या पाड्यांवर थांबत थांबत भेंडी, वाल, शेवग्याच्या शेंगा, जे असेल ते भरायचं आणि मुरबाडच्या बाजाराला न्यायचं, हा त्याचा धंदा. गाडी मालाची, त्यामुळे माणसं बसवायची नाहीत असा नियम आहे. झिपरू नियम पाळतो. मागे हौद्यात ज्या बारा-चौदा बाया बसतात त्या माणसं म्हणून बसत नाहीत, आपापल्या भेंडीच्या मालकिणी म्हणून बसतात.

पुढे कॅबिनमध्ये, डाव्या बाजूला, त्याची बायको हौसा. ती बाजारात बसते, विकते, गिऱ्हाइकाशी भांडते आणि परतताना पुन्हा डाव्या बाजूला. झिपरू जितका गप्प तितकी ही बोलकी. वाडीपासून मुरबाडपर्यंत तिचं तोंड चालू असायचं, हातवारे चालू असायचे आणि झिपरू मान हलवून "हं" म्हणायचा. पुन्हा काही बोलली की पुन्हा "हं". मला वाटायचं, काय गुणी नवरा आहे. खरी गोष्ट अशी होती की त्याला त्यातलं अक्षरही ऐकू येत नव्हतं.

त्याचं कारण तो आवाज. इंजिनमधला जळका धूर जिथून बाहेर पडतो, तिथे इंजिनच्या डोक्याला बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, एक जाडजूड चौपायी नळा जोडलेला असतो. त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. धूर तिथून सायलेन्सरला जातो आणि मागे शेपटीतून बाहेर पडतो. झिपरूच्या मॅनिफोल्डला तिसऱ्या आणि चौथ्या पायाच्या मध्ये तडा गेला होता आणि सांध्यातली गॅस्केट जळून तिचा कोळसा झाला होता. मग धूर सायलेन्सरपर्यंत जाईलच कशाला? तो तिथेच, बॉनेटखाली, फाडफाड करत बाहेर यायचा. थंडीत सकाळी सगळ्यात जास्त, चढावर त्याहून जास्त.

पण या आवाजाची सगळ्या रस्त्याला सवय झाली होती. नुसती सवय नाही, त्यावर लोकांची कामं चालायची. साकवावर आवाज आला की खालच्या पाड्यावरच्या बाया भेंडीची गाठोडी बांधायला घ्यायच्या. चिंचेच्या वळणावर आला की केस विंचरून व्हायला हवेत. प्रमिला म्हणून एक बाई आहे, ती तर वळणावरचा आवाज ऐकून चहा चुलीवर ठेवायची आणि गाडी दारात येईपर्यंत पिऊन मोकळी व्हायची. घड्याळ कोणी बघत नव्हतं. झिपरूने हॉर्नसुद्धा दुरुस्त केला नव्हता. म्हणायचा, कशाला?

आता गंमत अशी की मॅनिफोल्ड त्या गाडीला डाव्या बाजूला आहे. कॅबिनच्या पत्र्याला वायरी जाण्यासाठी भोकं असतात, त्यांची रबरं कधीच सडून गेली होती. त्या भोकांतून धूर आत यायचा तो सरळ हौसाच्या पायांवर. झिपरू उजवीकडे, खिडकी उघडी, कोपर बाहेर. त्याला कधी काही झालं नाही. म्हणून सात वर्षं त्याचा "फक्त आवाज" होता.

या माघात तडा आणखी वाढला आणि हौसा बाजारात पोचल्या पोचल्या ओकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. डोकं इतकं दुखायचं की पैसे परत देताना चुकायची, आणि हौसा चुकते म्हणजे काय ते मुरबाडच्या गिऱ्हाइकांना विचारा. तिसऱ्या दिवशी ती वाडीतून चालत टोकावड्याला आली, माझ्या गॅरेजसमोरच एसटीला हात केला आणि गेली. मागून झिपरू गाडी घेऊन आला, एकटा. डावी सीट रिकामी. एसटीच्या मागोमाग गाडी चालवत मुरबाडपर्यंत गेला, असं नंतर कंडक्टरने सांगितलं.

त्या दोघांत भांडण झालं नव्हतं. हौसाने फक्त एवढंच सांगितलं होतं की धूर जाईल त्या दिवशी मी बसेन. पण त्या आठवड्यात झिपरूचा चेहरा मी पाहिला आहे. चहा पिताना तो कप हातात घेऊन बसायचा आणि प्यायचाच विसरायचा. डाव्या सीटवर त्याने कोणाला बसू दिलं नाही. एक म्हातारी पाय दुखतात म्हणून पुढे बसायला गेली तर हा तिला म्हणाला, ती जागा धरलेली हाय.

मग तो माझ्याकडे आला असेल, असं तुम्हाला वाटेल. छे! आधी त्याने स्वतः डोकं चालवलं. ठाकरवाडीत धूर गळत असेल तर काय करतात? चूल लिंपतात. झिपरूने बॉनेट उघडलं, शेण, तूस आणि अंगणातली माती कालवली आणि मॅनिफोल्ड लिंपून काढला. चूल लिंपणं हे वाडीत बायकांचं काम. त्याने ते असं केलं होतं की शेजारणी ओट्यावर बसून हसत होत्या. गाडी चालू झाली, शेण तापलं आणि दोन मैल सगळ्या रस्त्याला गोवरीचा वास सुटला. मुरबाडला पोचेपर्यंत लिंपण खाली पडलं होतं.

संध्याकाळी हौसा एसटीने घरी आली. तिने ते बघितलं आणि कपाळाला हात लावला. कोणत्या मातीची चूल तडकत नाही, एवढंसुद्धा या माणसाला माहीत नव्हतं. ती स्वतः टिकाव घेऊन गेली, वारुळाची माती आणली, पायाने मळली, दोन दिवस भिजत ठेवली आणि मॅनिफोल्डला असा गुळगुळीत लेप दिला की मी स्वतः पाहिला असता तर फोटो काढला असता. गाडीत बसायला मात्र ती तयार नव्हती. म्हणाली, आधी टिकू दे.

चार दिवस टिकलं. खरं सांगतो, चार दिवस आवाज निम्मा झाला होता. पाचव्या दिवशी चढावर खाड्‌ करून आवाज आला आणि ते सगळं भाजलेलं लिंपण एका तुकड्यात सुटून खालच्या पत्र्यावर पडलं. झिपरूने गाडी थांबवली, तो तुकडा टॉवेलात गुंडाळला आणि मांडीवर घेऊन माझ्याकडे आला. आजारी लेकरू आणावं तसा. टॉवेल उघडून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "दादा, काय नाय, फक्त आवाज येतो."

मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. बोलून झाल्यावर खाली वाकलो, बॉनेटमध्ये तोंड घातलं आणि तडा बघितला. त्यात माझं नख जात होतं. मी सांगितलं, याला वेल्डिंग चालणार नाही, बीड आहे, आज जोडशील आणि उद्या शेजारी फुटेल. मॅनिफोल्डच बदलायला हवा. पण गाडी इतकी जुनी की नवा मॅनिफोल्ड मुरबाडला नाही, कल्याणला नाही, कुठेच नाही. त्यात त्या सालात दोन जातींची इंजिनं आली होती आणि दोन्हींचे पाय वेगळे.

मला एकच गाडी माहीत होती. पलीकडे शहापूर तालुक्यात, शेणव्याला, हिरीबाईच्या अंगणात तशीच एक पिकअप सहा वर्षं उभी होती. तिचा मुलगा आता कंपनीत जातो, गाडी तशीच राहिली. चाकं गेलेली, बॉनेट गेलेलं, हौद्यात पेंढा. मी झिपरूला मोटरसायकलवर मागे बसवलं आणि आम्ही निघालो. मॅनिफोल्ड जुळेल का, हे बघायला आमच्या गाडीचा खोलून न्यावा लागला असता. झिपरू म्हणाला, खोलायचा कशाला, साचा आहे की. आणि हौसाने केलेलं ते मातीचं लिंपण त्याने पुन्हा टॉवेलात गुंडाळून पोटाशी धरलं. मी मोटरसायकलला किक मारली. त्याचं बरोबर होतं.

हिरीबाई चांगली बाई. घेऊन जा म्हणाली, लोखंड काय मी खाणार आहे? आम्ही इंजिनजवळ गेलो. जिथे एके काळी बॅटरी असायची त्या रिकाम्या चौकोनात, मॅनिफोल्डला अगदी खेटून, एक तांबडी कोंबडी अंड्यांवर बसली होती. झिपरूने साचा पुढे केला तशी तिने त्याच्या मनगटाला असा टोचा मारला की रक्त आलं. तरी त्याने साचा टेकवून बघितलाच. चारही पाय बरोबर बसले. मी पाना काढला.

हिरीबाईने मला तिथेच थांबवलं. "खुडूक कोंबडी हाय," ती म्हणाली. "ठोकाठोक केलीस तर अंडी सोडून उठंल. पिल्ला निघू दे, मंग काय पायजे ते ने."

मी विचारलं, किती दिवस राहिलेत. ती म्हणाली, बारा. मी हसलो, मग समजावलं, मग माझा तो प्रसिद्ध आवाज चढवला. हिरीबाईवर काही परिणाम झाला नाही. झिपरू मात्र कोंबडीकडे बघत होता. परतताना वाटेत एवढंच म्हणाला, बसलेली कोंबडी उठवू नये, पाप लागतं. म्हणजे हौसाला अजून बारा दिवस एसटी, हे त्याला मान्य होतं, पण कोंबडीला उठवणं नाही.

त्या बारा दिवसांत तो चार वेळा शेणव्याला गेला. माझ्या मोटरसायकलवर, माझ्या पेट्रोलवर. जाताना कोंबडीसाठी मूठभर कण्या न्यायचा. काय बघायला जातोस, असं विचारलं तर म्हणायचा, बसलीय ना ते. शेवटच्या खेपेला त्याचा फोन आला. पलीकडून चिवचिव ऐकू येत होती आणि हा नुसता धापा टाकत होता. मी समजलो, हत्यारांची पेटी बांधली आणि मिळेल त्या गाडीने शेणव्याला पोचलो.

तिकडचा मॅनिफोल्ड तासाभरात सुटला. सहा वर्षं कोंबड्यांनी त्याच्यावर जे काही केलं होतं ते खरवडायला मात्र दुपार गेली. घासून बघितला, रॉकेल ओतून बघितला, कुठे तडा नाही. खरी लढाई आमच्या गाडीवर होती. मॅनिफोल्ड आठ नटांवर बसतो. मी तीन दिवस आधीपासून त्यांवर तेल सोडत होतो. सहा सुटले, एक शिव्या खाऊन सुटला आणि आठवा, अगदी मागचा, कॅबिनच्या पत्र्याला चिकटलेला, हलेना. तो तोडला तर त्याचा आट्यांचा दांडा इंजिनच्या डोक्यात राहणार आणि मग डोकंच उतरवावं लागणार. म्हणजे पुन्हा आठवडाभर एसटी.

झिपरू माझ्या शेजारी उभा होता. त्याने खिशातून फडक्याची पुरचुंडी काढली. आत मेणाचा गोळा होता, मधाच्या पोळ्याचा, हौसा टाचांच्या भेगांना लावते तो. तिने सकाळी दिला होता. गाडीला भेग पडलीय ना, मग लावून बघा, असं म्हणाली होती. मी हसून हसून खाली बसलो. एवढ्या तापणाऱ्या बिडाला टाचेचं मेण! हसता हसता गप्प झालो, कारण मला कल्याणचा माझा उस्ताद आठवला. न सुटणारा नट गॅसने लाल करायचा आणि त्याला मेणबत्ती टेकवायची, मेण पातळ होऊन आट्यात शिरतं, हे तो करायचा. मी पंचवीस वर्षांत विसरून गेलो होतो. नट तापवला, हौसाचं मेण टेकवलं, पाघळलं, आत ओढलं गेलं. पाना लावला. कर्र करून तो नट असा फिरला की झिपरूने माझ्या पाठीवर थाप मारली. आयुष्यात पहिल्यांदा.

नवी गॅस्केट, शेणव्याचा मॅनिफोल्ड, आठ नट आतून बाहेर आळीपाळीने आवळले. पत्र्याच्या भोकांना नवी रबरंही बसवली. झिपरू आत बसला आणि चावी फिरवली. इंजिन चालू झालं. त्याने पुन्हा चावी फिरवली. स्टार्टर असा किंचाळला की जांभळावरचे कावळे उडाले. मी ओरडलो, चालू आहे गाढवा! त्याला खरं वाटेना. त्याने खाली उतरून बॉनेटवर हात ठेवला, थरथर जाणवली, तेव्हा कुठे विश्वास बसला.

दुसऱ्या दिवशी पहाटे हौसा डाव्या सीटवर बसली. माझं काम संपलं, असं मला वाटलं.

सकाळी आठ वाजता प्रमिला गॅरेजच्या दारात हजर. काखेत भेंडीचं गाठोडं, डोळे लाल. म्हणाली, तू आमची गाडी नासवलीस. झालं असं होतं की झिपरू गाडी घेऊन पाड्यावरून गेला आणि कोणाला कळलंच नाही. रोजच्या चौदापैकी तीन बाया मिळाल्या, त्याही योगायोगाने बाहेर उभ्या होत्या म्हणून. प्रमिलाचा चहा चुलीवर चढलाच नाही. मी त्याच दिवशी हॉर्न बसवून दिला. उपयोग शून्य. त्या रस्त्याला हॉर्न वाजवणाऱ्या मोटरसायकली, डंपर, ट्रॅक्टर छप्पन. हॉर्न ऐकून कोण केस विंचरतो?

दोन दिवसांनी झिपरू आला आणि माझ्या भंगारातून आपला जुना, तडकलेला मॅनिफोल्ड शोधून घेऊन गेला. मला वाटलं, आठवण म्हणून. त्याने तो हौद्याच्या लोखंडी कमानीला तारेने टांगला. शाळेत रुळाचा तुकडा टांगतात तसा. पान्याने ठोकला की बद्द, बद्द असा आवाज यायचा. तडकलेलं बीड छान वाजत नाही. पण तसला बद्द आवाज त्या रस्त्यावर दुसरा कशाचाच नव्हता, आणि एका दिवसात बायांनी तो ओळखला.

मला मुरबाडला स्पेअर आणायचे होते आणि नवा मॅनिफोल्ड चढावर कसा वागतो तेही बघायचं होतं. म्हणून एके दिवशी पहाटेच वाडीला जाऊन मी त्यांच्याबरोबर बसलो. हौसा मध्ये, मी खिडकीशी. साकवावर झिपरू थांबला, उतरला, मागे जाऊन मॅनिफोल्ड ठोकला, परत आला. वळणावर पुन्हा. शाळेजवळ पुन्हा. टोकावडं येईपर्यंत सात वेळा उतरला आणि सात वेळा चढला. मोठ्या रस्त्याला लागेस्तोवर त्याला घाम आला होता.

पण मला अस्वस्थ करत होती ती दुसरीच गोष्ट. हौसा बोलत नव्हती. हात मांडीवर, नजर काचेतून पुढे. ज्या बाईचं तोंड सात वर्षं मिटलं नाही ती देवळात बसावी तशी बसली होती. झिपरू तिच्याकडे बघायचा, मग माझ्याकडे बघायचा. मी मनात म्हटलं, बहुतेक अजून धूर येतोय. वास घेतला. काही नव्हतं. ज्या सीटसाठी या माणसाने कोंबडीचे टोचे खाल्ले ती भरली होती आणि तरी त्याचा चेहरा सीट रिकामी असतानाचाच होता. मला खरंच वाईट वाटलं.

सरळगाव मागे गेल्यावर झिपरूने स्वतःहून तोंड उघडलं. डोकं दुखतं का, विचारलं. नाही. धूर येतो का? नाही.

"मंग बोल ना गो काय तरी," तो म्हणाला. "सात वर्सा बोलत व्हतीस."

"तवा तुमाला ऐकू येत व्हता का?"

झिपरू खोटं बोलत नाही, हा त्याचा मोठा दोष आहे. म्हणाला, नाय.

"मला ठाव व्हता," हौसा म्हणाली. "म्हनून तर बोलत व्हते."

गाडी चालली होती. इंजिन इतकं गोड चाललं होतं की मी ते चांगलं बसवल्याचा मला पश्चात्ताप झाला. झिपरूने थोड्या वेळाने हळूच विचारलं, काय बोलत होतीस? हौसाने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"गाडी शिकवा म्हनत व्हते. दर खेपंला. तुमी हं म्हनायचाव, मी खूश व्हायची." मग माझ्याकडे पाठ करून ती त्याच्याशी बोलली, जणू मी तिथे नव्हतोच. "अशा गप्प गाडीत कसा इचारू? हसाल म्हनून लाज वाटते."

मी खिडकीबाहेर बघायला लागलो. तीस वर्षं मी गाड्यांचे आवाज बंद करतोय. त्या आवाजाच्या आडोशाला कोणी बसलेलं असेल, हे कधी मनात आलं नव्हतं. मी उगाचच खोकलो आणि नव्या रबरांना शिव्या दिल्या.

झिपरू हसला नाही. मैलभर गाडी चालवली. मग त्याने मान हलवली आणि म्हणाला, "हं." नेहमीचंच, तेवढंच. पण या खेपेला ऐकून म्हणाला.

झिपरूला गाडी बाजूला घेऊन तिथल्या तिथे सीट बदलायची होती. मी आडवा आलो. हमरस्त्यावर, बिनलायसनची बाई, मागे बारा मालकिणी! मी दोघांनाही झापलं. मग हौसा कल्याणला जाऊन लर्निंग लायसन काढून आली. कापणी झालेल्या मोकळ्या खाचरात शिकवणी सुरू झाली. मीही जायचो बघायला. पहिल्या आठवड्यात तिने दोन बांध सपाट केले आणि गाडी मागे घेताना एक कुंपण आडवं केलं. झिपरू बाजूला बसून एक शब्द बोलायचा नाही. मी असतो तर स्टिअरिंग चावलं असतं. पावसाळा संपता संपता तिला पक्कं लायसन मिळालं. त्या दिवशी वाडीत पेढे वाटले आणि एक पुडा शेणव्याला हिरीबाईकडे गेला. कोंबडीला कण्या.

आता त्या रस्त्याला पहाटे बद्द बद्द ऐकू येतं आणि बाया गाठोडी बांधायला घेतात. प्रमिलाचा चहा पुन्हा वेळेवर होतो. कॅबिनमध्ये हौसा आहे. फक्त बाजू बदलली आहे. ती उजवीकडे, खिडकी उघडी, कोपर बाहेर, आणि मागे हौद्यात बायांच्या मध्ये उभा राहून झिपरू पान्याने आपला जुना मॅनिफोल्ड ठोकतो. त्यामुळे आता सात वेळा उतरायला लागत नाही आणि गाडी बाजारात आधीपेक्षा लवकर पोचते.

परवा ती गाडी माझ्या दारात हवा भरायला थांबली. हौसाचं तोंड पुन्हा चालू झालं होतं. मागे मान वळवून, हात नाचवत, काचेआडून ती झिपरूला काहीतरी सांगत होती आणि तो वरून मान डोलावत होता. मी त्याला विचारलं, मागे उभा असतोस, वारा, बायांचा गलका, त्यात तुझी ठोकाठोक. ती काय बोलते ते ऐकू तरी येतं का रे तुला?

"नाय," झिपरू म्हणाला.

मग काय करतोस?

"हं म्हनतो."